काळे दरवाजाचा पहिला हुकूम

श्री कुलस्वामिनी साक्ष. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, पौष मासी जे वर्तले ते येथे लिहिले असे. गोड करून लिहिणारे पुष्कळ आहेत, ज्यास गोड पाहिजे त्याने त्यांजकडे जावे.

संगणकाचे पडद्यामागे खेळाचे एक राज्य होते. घडविणारे थोर कारागीर, त्यांनी डोंगर रचिले आणि किल्ला बांधिला आणि किल्ल्यास काळा दरवाजा केला आणि दरवाजाबाहेर कडेवर मूल घेतलेली एक बाई उभी केली आणि तिचे मुखी एकच बोल घातला, "दार उघडा हो!" मग दार उघडण्याची तजवीज करावयाची विसरून कारागीर दुसरे राज्य घडवावयास निघून गेले. खेळणारे येत, लढत, बाईचे अंगावर धूळ उडवीत घोडे फेकून जात. कोणास काय पडले होते? जाताना मात्र कारागिरांनी टूलकिट म्हणून हत्यारांची एक पेटी रयतेस बहाल केली होती, की जो कोणी स्क्रिप्ट म्हणजे हुकूम लिहील, त्याप्रमाणे राज्य वागेल.

भिवराव धायगुडे म्हणून भले गृहस्थ हा खेळ खेळत असत. त्यांचे कुटुंब सुभद्राबाई शेजारी भाजी निवडीत बसत. त्यांनी एके दिवशी पुसिले, "अहो, ही बिचारी कधीची ओरडते आहे. हिला कोणी आत का घेत नाही?" भिवराव बोलिले, "मी घेतो." शब्द देऊन बसले आणि मग जिवास घोर लागला, कारण जन्मात हुकूम लिहिला नव्हता. मग या विद्येतील मातबर अंताजीपंत यांचा इंटरनेटवर दरबार भरत असे, तेथे जाऊन मुजरा केला. पंत हसले, "आधी राज्यास नुसता रामराम घालावयास शिकवा, मग दरवाजाच्या गोष्टी करा!" भिवराव हट्टास पेटले आणि हुकूम लिहिला, की बाईने हाक मारताच दार उघडावे आणि हाक थांबताच मिटावे. प्रथम हुकूम भलत्याच जागी ठेविला, राज्य ऐकेना. मग योग्य जागी ठेविला तो पडद्यावर चूक दाखविणारी लाल अक्षरे उमटली, दरबार खदखदा हसला, भिवरावांचे तोंड एवढेसे जाहले. मग पुन्हा लिहिला आणि पुन्हा लिहिला आणि एके सकाळी लाल अक्षर आले नाही. बाई बोलली आणि दार करकरत उघडले! आत शेकोटी, आत रांधलेले अन्न. दरबारात एकच गिल्ला, "चालला! चालला!"

आणि बाई उघड्या दारासमोर उभी राहून म्हणाली, "दार उघडा हो!"

चालणे तिला कोणी दिलेच नव्हते. भिवराव कळवळून बोलिले, "पंत, ती आत जाईना!" पंत बोलिले, "बाईचे काय घेऊन बसलात राव? लाल अक्षर आले काय? नाही ना? मग फत्ते जाहली!" भिवरावांनी आपल्या हाताने तिला चालवू पाहिले, तो बाई मुलासकट कंबरेपर्यंत जमिनीत रुतली, घाबरून पूर्ववत केली. दरबारात मदत मागितली, एकही माईचा लाल पुढे येईना. उलट पंतांनीच फर्माविले, "हिचे ओरडणे बंद करा बुवा, आमच्या फत्तेची शोभा जाते." भिवराव पुष्कळ विनविते जाहले आणि मग थकले आणि एका ओळीचा हुकूम लिहिला, की बाईने बोलू नये. हा हुकूम मात्र पहिल्याच झटक्यात चालला. बाई गप्प जाहली, आणि हाक नाही म्हणून दारही मिटले.

आतून सुभद्राबाईंनी पुसिले, "आज तिचा आवाज नाही. घेतलीत वाटते आत?"

भिवराव पडद्यासमोरून उठले आणि म्हणाले, "हो."

सारांश, दार मिटलेले आहे, बाई थंडीत उभी आहे आणि राज्यात कोणाची तक्रार नाही. दरबारी यास फत्ते म्हणतात. त्यांच्या फत्तेस आग लागो. आमची लेखणी येथे राहिली.