झाडेभाऊंचं विजेचं इंजिन

दिवेलागण झाली की सदाशिव झाडे घरामागच्या अंगणात यायचे, धोतराचा सोगा कमरेला खोचायचे, घसा खाकरायचे आणि रेल्वेचं इंजिन व्हायचे.

मी काही अलंकारिक लिहीत नाही. आधी लांब शिट्टी. मग थांबून थांबून भक्, भक्. मग भकभकभक. गाडी न्हाणीपासून सुटायची, वेग घ्यायची, पपईच्या झाडाजवळ घाट चढायची आणि विहिरीपाशी पोचेस्तोवर आवाज लांब गेलेला असायचा. मग झाडेभाऊ धोतराने तोंड पुसायचे आणि घरात जायचे. हे इंजिन कोणतं, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं. मुंबई-पुणे मार्गावर प्रवासी गाड्या ओढणारं जुनं इंजिन. विजेचं. भकभक करणारं विजेचं इंजिन.

आणि हे कुठे, तर बल्लारपुरात. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. आमच्या रुळांवर अजून तारा आल्या नव्हत्या. कोळशाचं नाहीतर डिझेलचं इंजिन यायचं आणि त्यातच आम्ही खूश होतो. जिल्ह्यात कोळसा निघायचा, त्याची वीज व्हायची आणि ती उंच मनोऱ्यांवरून मुंबईकडे निघून जायची. आमच्या गल्लीतल्या दिव्याला फक्त ती जाताना बघायची परवानगी होती. अशा गावात विजेच्या इंजिनाचा एवढा मोठा भक्त निपजावा, हा निसर्गाचा चमत्कार म्हणायला हवा.

आमच्या वॉर्डातली म्हातारी माणसं आजही सांगतात की झाडे रेल्वेत ड्रायव्हर होता, दारूच्या नशेत त्यानं इंजिन घसरवलं, नोकरी गेली आणि डोक्यावर परिणाम झाला. यातला शब्दही खरा नाही. झाडेभाऊंनी रेल्वेची चाकरी एक दिवस केली नाही आणि दारूला हात लावला नाही. ते वनखात्याच्या लाकूड डेपोत होते. आलापल्लीकडून ट्रकने सागाचे ओंडके यायचे, त्यांच्या कापलेल्या तोंडावर खात्याचा शिक्का असलेला हातोडा मारायचा, हे त्यांचं काम. दिवसभर ठाण्, ठाण्. ड्रायव्हरची गोष्ट स्टेशनच्या पार्सल ऑफिसात चहासोबत जन्मली. मी तिथे कारकून होतो. माणसं हसत होती, म्हणून मी त्यात घसरलेलं इंजिन घातलं. दारू नंतर कुणीतरी आपल्या पदरची घातली. आता मी ऐंशी ओलांडली आहे, त्या घरात कुणी उरलेलं नाही, आणि गोष्ट मात्र धडधाकट आहे. म्हणून लिहायला बसलो.

झाडेभाऊ माझे शेजारी. मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. मी बल्लारपुरात बदलून येण्याआधी काही वर्षं कल्याणला होतो, त्यामुळे ती विजेची इंजिनं मी रोज पाहिली होती. आमच्या गल्लीत आणखी एक जाणकार होते, नगरपालिकेच्या शाळेतले मेश्राम गुरुजी. ते काकांकडे राहून मुंबईत शिकले होते आणि पुण्याला जाताना गाडी सुटेपर्यंत इंजिनासमोर उभे राहत. एकदा असे रमले की गाडी त्यांना न घेताच गेली. तीन माणसं एका विषयावर वेडी असली की मंडळ होतंच. आमचंही झालं. गुरुजी अध्यक्ष, मी चिटणीस, आणि झाडेभाऊ सर्वसामान्य जनता. दर रविवारी डेपोमागच्या चहाच्या टपरीवर बसायचं आणि जुन्या इंजिनांच्या आठवणी काढायच्या. ती इंजिनं म्हातारी झाली होती, एकेक करून कामावरून काढत होते. आम्ही त्यांच्याबद्दल असं बोलायचो, जणू घरातलं वडीलधारं माणूस अंथरुणाला खिळलंय.

जनतेला अर्थातच तोंड होतं.

"झाडेभाऊ," गुरुजी म्हणायचे, "विजेचं इंजिन भकभक काऊन करते? ते तर वाफेचं काम हाय."

"घाटात चढताना करते."

"घाटातबी नाई करत."

"घाटात सगळेच भकभक करते गुरुजी. तुमी चढून पाहा ना माणिकगड."

गुरुजी आपल्या पोटाकडे बघायचे आणि आणखी एक चहा मागवायचे.

"मी का खोटं बोलून राह्यलो?" हे झाडेभाऊंचं पालुपद. दोन वाक्यांमागे एकदा यायचंच. आणि गंमत अशी की ते अगदीच खोटंही बोलत नसत. त्या इंजिनाबद्दल त्यांना भलत्याच गोष्टी माहीत असायच्या. ड्रायव्हर घरी आला की त्याच्या कोटाला कसला वास येतो. पावसाळ्यात घाटात गाडी थांबली की ड्रायव्हर डब्यातली भाकरी कुठे ठेवून गरम करतो. कर्जतला मागून आणखी इंजिनं जोडतात तेव्हा कसा हिसका बसतो आणि कप कसा कलंडतो. पण साधी गोष्ट विचारा, की गाडी अडलीच.

"बरं, त्या इंजिनाले तोंड एकीकडे का दोन्हीकडे?" गुरुजींनी एकदा विचारलं.

झाडेभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. वर पाहिलं, खाली पाहिलं. "उद्या सांगतो," म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर निघालो तर भिंतीवरून वाकून, जिंकल्यासारखा चेहरा करून, "बाबू, दोन्हीकडे. गुरुजीले सांगजा. फिरवा लागत नाई."

हे नेहमीचं होतं. कुठलाही कठीण प्रश्न असो, उत्तर उद्या. आमचा तर्क असा की घरात कुठलंतरी जुनं पुस्तक आहे आणि हा गडी ते लपवून ठेवतो. आम्ही दोघे शिकलेले, त्यामुळे पुस्तकापलीकडे आमची बुद्धी गेली नाही. त्या घरात बायको होती, हे आम्हाला ठाऊक होतं. सुमनबाईंना लकवा झाला होता, उजवी बाजू गेली होती. खाट मागच्या पडवीत असायची. मूलबाळ नव्हतं. बाई मूळच्या तिकडच्या, कर्जतकडच्या. त्यांचे मामा आलापल्लीला फॉरेस्टात होते, त्यांच्या ओळखीतून लग्न जमलेलं. एवढी सगळी माहिती जवळ असून आम्हा दोन विद्वानांच्या डोक्यात उजेड पडला नाही. तारा आल्या नव्हत्या, दुसरं काय.

एका रविवारी गुरुजी मुंबईचं वर्तमानपत्र घेऊन आले. त्या जातीची शेवटची इंजिनंही आता सेवेतून काढली, अशी आतल्या पानावर बातमी होती. गुरुजींनी ती उभं राहून वाचली. मी टोपी काढली. टपरीवाल्याने विचारलं, कोण वारलं.

"शोकसभा घ्यायला पाहिजे," गुरुजी म्हणाले.

"तेरवीच करू," मी म्हणालो.

"आमी माणसाची तेरवी छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडली बाबू. आता इंजिनाची करू म्हणता? सभा ठीक हाय. भोंगा लावू. मले दोन शब्द बोलता येईन."

गुरुजींचे दोन शब्द म्हणजे काय, ते शाळेतल्या मुलांना विचारा. पण मला कल्पना आवडली. सर्वांत जास्त आनंद झाडेभाऊंना होईल असं वाटलं होतं. तर ते उठून उभे राहिले.

"सभागिभा काई नाई. इंजिन बंद नाई झालं."

"पेपरात आलं हाय ना."

"पेपरवाले काईबी छापते. चालू हाय ते."

"तुमाले कोणं सांगितलं?"

"चालू हाय म्हटलं ना. मी का खोटं बोलून राह्यलो?"

मग बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ते खाली आले. सभा घ्या, पण भोंगा नको. भोंगा लावायचा तर नदीकडे जा. आमच्या घरामागच्या मैदानात नको. गुरुजी माझ्या कानाशी म्हणाले, "पोटात दुखते त्याच्या. आपल्याले बोलाले भेटन म्हणून." मलाही तेच वाटलं. मतदान झालं. दोन विरुद्ध एक. लोकशाहीचा विजय झाला, आणि झाडेभाऊ चहा अर्धा टाकून निघून गेले.

सभा घरामागच्या मैदानातच झाली. मंडपवाल्याने भोंगा आणला तो नेमका झाडेभाऊंच्या पडवीकडे तोंड करून बांबूला बांधला. तो म्हणाला, इकडून वारा आहे, आवाज दूर जाईल. गर्दी आमच्या अपेक्षेबाहेर झाली, कारण तेरवी हा शब्द माझ्या तोंडून पार्सल ऑफिसात निसटला होता आणि लोक वडे-भाताच्या आशेने आले होते. वडे नाहीत म्हटल्यावर निम्मे बसून राहिले. गावात दुसरं काही चालू नव्हतं.

गुरुजींनी माइक हातात घेतला. "बंधू-भगिनींनो, आज ते इंजिन आपल्यात नाही."

आणि झाडेभाऊंच्या अंगणाच्या भिंतीपलीकडून शिट्टी झाली.

लोकांनी मान वळवली. गुरुजींनी आवाज चढवला. "जे घाट चढलं, ज्याने हजारो प्रवाशांना..." भक्. भक्. "...सुखरूप पोचवलं, ते इंजिन आज भंगारात..." भकभकभकभक. भंगार हा शब्द कुणालाच ऐकू गेला नाही. गुरुजी जितके मोठ्याने बोलत, तितकं इंजिन जोरात चाले. रोज एकदा जाणारी गाडी त्या दिवशी परत आली, पुन्हा सुटली, पुन्हा आली. शिट्टीवर शिट्टी. लोक पोट धरून हसत होते. माझ्याच कथेतला दारुडा ड्रायव्हर भिंतीमागे प्रत्यक्ष अवतरला होता, आणि सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मीही हसत होतो, हे लिहिलंच पाहिजे.

मग इंजिनाचा आवाज फाटला. शिट्टी अर्ध्यात तुटली, खोकला सुरू झाला, आणि तो खोकला भोंग्यापेक्षा वाईट ऐकू येऊ लागला. गुरुजी मला म्हणाले, "बाबू, समजवा त्याले. मरन तो." मी भिंत ओलांडून गेलो.

झाडेभाऊ विहिरीला धरून वाकले होते. मला पाहून त्यांनी हात जोडले. बोलायला आवाज नव्हता. भोंग्याकडे बोट केलं, पडवीकडे बोट केलं आणि मान हलवली. काही म्हणता काही मला कळलं नाही. खाटेवरून बाईंची हाक आली.

"अहो, आत जा आणि गरम पाणी प्या. चुलीवर आहे. भावजी थांबतील माझ्याजवळ."

ते मुकाट्याने आत गेले. मी खाटेशी उभा राहिलो. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्या पडवीत पहिल्यांदाच आलो होतो. बाईंचं तोंड एका बाजूला जरा ओढलेलं होतं, पण बोलणं स्वच्छ होतं.

"माझे बाबा त्या इंजिनावर ड्रायव्हर होते," त्या म्हणाल्या. "कर्जतला आमचं क्वार्टर रुळाला लागून. मी आजारी पडले तेव्हा सुरुवातीला जेवायचेच नाही. एका संध्याकाळी भ्रमात विचारलं म्हणे, बाबांची गाडी गेली का? तर हे अंगणात जाऊन असं ओरडले. मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं. दोन घासही खाल्ले. तेव्हापासून रोज. गाडी गेल्याशिवाय मी जेवत नाही, असं त्यांनी मनाशी धरलंय. आणि ते इंजिन बंद झालं हे मला कळलं तर मी जेवण सोडीन, असंही."

मी भोंग्याकडे पाहिलं. गुरुजी आता मुंबईच्या आठवणींवर आले होते आणि शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू येत होता.

"कळलं ना आता," मी म्हणालो. "आमच्यामुळे."

"मला काय नव्याने कळायचंय? लोखंड कधीतरी भंगारात जायचंच. बाबाही गेले." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "भावजी, तुम्ही तिकडे राहिलेले आहात. ते इंजिन असं वाजतं का हो?"

मी नाही म्हणालो.

"भकभक कुठली. नुसतं गुणगुणायचं, कुणी लांबवर चक्की चालू केल्यासारखं. आणि हलायचं. यांनी ते कधी पाहिलंच नाही. इथली कोळशाची पाहिली, तशीच ती वाजवतात. तुमचे गुरुजी काय काय विचारतात, ते हे रात्री येऊन मला विचारतात, मी सांगते. पण आवाजाचं कधी विचारत नाहीत. तो त्यांना येतो असं वाटतं."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"सांगून काय करू? दिवसभर तिकडे ओंडक्यांवर हातोडा मारतात. घरी आले की मी ही अशी. स्वयंपाक तेच करतात, माझी वेणी तेच घालतात. संध्याकाळी ही एवढी गाडी सोडली की त्यांना वाटतं, आपण सुमनला बरं केलं. मला भूक असते हो. दुपारपासून असते. पण मी थांबते." मग डाव्या हाताने पदर सारखा करत म्हणाल्या, "हे त्यांना सांगू नका. कुणालाच नको."

मी ते आजपर्यंत पाळलं. गावाच्या तोंडची गोष्टसुद्धा त्याच शपथेखाली तशीच राहू दिली. शपथ पाळणं मला सोयीचंही होतं.

झाडेभाऊ पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. मी भिंतीवरून मंडपवाल्याला खूण केली. मशीन बंद झालं. गुरुजी भोंग्याशिवाय बोलत राहिले, म्हणजे शांतताच झाली. झाडेभाऊंनी ताट आणलं, खाटेच्या कडेला बसले आणि बायकोच्या तोंडाकडे पाहत फाटक्या आवाजात विचारलं, "आयकू आली?"

"आली," बाई म्हणाल्या. "आज फार लेट."

झाडेभाऊंचे खांदे खाली आले.

"सिग्नल नव्हता," ते म्हणाले, आणि भात कालवू लागले.