व्हॉल्व्हवाल्याच्या धंद्यातला अर्थ

सकाळपासून अँप्लिफायर घूं करत होता आणि सासरे "याला काही अर्थ नाही" म्हणत होते. दोघांची पट्टी एकच लागली होती आणि थांबायचं नाव कोणीच घेत नव्हतं.

गिटारसाठी हाताने अँप्लिफायर बांधायचे आणि विकायचे, हा जावयाचा धंदा. जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह तो त्यात लावायचा, म्हणून गल्लीत त्याला व्हॉल्व्हवाला म्हणत. घराची पुढची खोली हाच कारखाना. लाकडी पेटी तोच कापायचा, पॉलिश तोच करायचा, आतली एकेक तारही तोच जोडायचा. व्हॉल्व्ह म्हणजे नळाचा, अशी गल्लीची मात्र ठाम समजूत होती. त्यामुळे अधूनमधून कोणीतरी गळकी तोटी घेऊन दारात उभं राहायचंच.

सासऱ्यांची समजूत गल्लीपेक्षा फार वेगळी नव्हती. त्यांनी मित्राच्या पंपांच्या दुकानात जावयासाठी नोकरी बघून ठेवली होती. "तिथेही व्हॉल्व्हचंच काम आहे," ते म्हणाले होते, "वर पगारही मिळतो."

बायकोने मधला मार्ग काढला होता. "हा अँप्लिफायर विकला गेला तर बाबांना मी समजावते. नाही गेला तर तू गुपचूप पंपांकडे जा. तुम्हा दोघांच्या मध्ये उभं राहून माझे पाय दुखायला लागलेत."

गिऱ्हाईक दुपारी येणार होतं. त्या गिटारवाल्याने फोनवर बजावून सांगितलं होतं, "मला रेकॉर्डिंगला पाहिजे. मी वाजवत नसेन तेव्हा गप्प बसला पाहिजे. घूं केलं तर मी तयार मशीन घेईन." व्हॉल्व्हवाल्याने छातीठोकपणे हो म्हटलं होतं, कारण कालपर्यंत अँप्लिफायर खरंच गुणी बाळासारखा गप्प होता.

काल सासरे मुक्कामाला आले. लेकीकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून त्यांनी घरातला एक जास्तीचा एक्स्टेन्शन बोर्ड आणला होता. आज सकाळी जावई आंघोळीला गेला, तेवढ्यात त्यांनी टेबलामागचं वायरींचं जंजाळ सोडवून सगळं त्या बोर्डावर लावूनही दिलं. त्यांचा हात स्वयंपाकघरातही फिरला होता, फ्रिजही त्याच बोर्डावर आला होता.

"बाबा, फ्रिजला हात लावला की मुंग्या येतायत," लेक म्हणाली.

"चप्पल घाल. आमच्याकडे सगळे घालतात."

इकडे व्हॉल्व्हवाल्याने आधी व्हॉल्व्ह बदलले. घूं. मग आतल्या तारा एकमेकींपासून लांब केल्या. घूं. मग त्याला घरातल्या इतर उपकरणांचा संशय आला. त्याने ट्यूबलाइट बंद केली, पंखा बंद केला, फ्रिज बंद केला. वॉशिंग मशीनही मध्येच थांबवलं, तेव्हा बायको साबणाच्या पाण्यात बुडालेल्या चादरींकडे बघत राहिली. वरच्या मजल्यावरच्या काकूंना मिक्सर थांबवायची विनंती करायला तो स्वतः जाऊन आला. काकूंनी मिक्सर थांबवला आणि बदल्यात बेसिनचा गळका नळ दाखवला.

तरीही घूं होतीच. आता घरात चालू असलेलं एकच यंत्र उरलं होतं आणि ते सासऱ्यांच्या कानात होतं.

"बाबा, जरा मशीन काढता का? त्यानेही होऊ शकतं."

सासऱ्यांनी नाराजीने मशीन काढलं. घूं तशीच राहिली, आणि आता सासऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकू येईना, म्हणून ते ओरडून बोलू लागले. खुर्चीत ताठ बसून, अँप्लिफायरकडे बोट दाखवून त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं, "याला! काही! अर्थ! नाही!"

व्हॉल्व्हवाल्याच्या हातातला पाना खाली पडला. सकाळपासून हे वाक्य त्याच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडत होतं, कारण ते सासऱ्यांचं होतं. वायरिंगवाल्याने हेच म्हटलं असतं तर तो तत्क्षणी उठला असता. वायरिंगवाल्यांचा अर्थ म्हणजे अर्थिंग, जमिनीत गेलेली तार. नको असलेली वीज तिच्यावाटे निघून जाते. ती नसली की अँप्लिफायर घूं करणार नाही तर काय करणार?

तो टेबलाखाली शिरला आणि प्लग उपटून बाहेर आला. प्लगला बारीक पिना दोन होत्या. वरच्या जाड पिनेच्या जागी नुसता खुंट होता.

"बाबा!" त्याने खुंटावर बोट ठेवलं.

"ती होय?" सासरे ओरडले. "बोर्डाला भोकं दोन, पिना तीन! एक जास्तीच होती ना? पकडीने मोडली!" मग खिशात हात घालून त्यांनी पितळेच्या दोन पिना तळहातावर काढल्या. "टाकल्या नाहीत हो! ही तुमची, ही फ्रिजची!"

तेवढ्यात बेल वाजली. व्हॉल्व्हवाल्याने इस्त्रीचा प्लग काढून अँप्लिफायरला जोडला आणि सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसला. बायकोने दार उघडलं. अंधाऱ्या घरात सगळे चपला घालून, श्वास रोखून उभे होते. गिटारवाल्याला वाटलं, कोणीतरी गेलंय.

"मी नंतर येऊ का?"

"या, या, आत्ताच या."

गिटारवाला अँप्लिफायरला कान लावून बराच वेळ बसला. "चालू करा ना."

"चालूच आहे."

मग त्याने गिटार जोडली आणि एकच सूर छेडला. कपाटाची काच थरथरली. सासरे खुर्चीत दचकले, कान चाचपला, कानात मशीन नव्हतं. "हे मला ऐकू आलं!" ते म्हणाले, आणि कधी नव्हे ते हळू बोलले. व्हॉल्व्हवाल्याला इतका आनंद झाला की त्याला दोन मिनिटं भिंतीकडे तोंड करून पाना पुसावा लागला.

गिटारवाला पैसे मोजून पेटी उचलून घेऊन गेला. दिवे लागले, चादरी पुन्हा गरगरू लागल्या. लेकीने वडिलांसमोर फोन ठेवला. सासऱ्यांनी मशीन कानात घालून पंपवाल्या मित्राला कळवलं की जावई यायचा नाही, त्याला इथेच काम आहे.

फोन ठेवल्यावर ते त्या पिना हातात फिरवत बसले.

"जावईबापू, म्हणजे ही जाड पिन मोडली की अर्थ जातो?"

"हो, बाबा."

"मग उद्या आमच्याकडे चला. घरातल्या सगळ्याच मोडल्यात मी."

"सगळ्या? आणि आई काही बोलल्या नाहीत?"

"बोलते ना. लग्न झाल्यापासून रोज म्हणते, या घरात काही अर्थ नाही." सासऱ्यांनी पिना जपून खिशात ठेवल्या. "मला वाटायचं, मला म्हणते."