मावशींच्या कॅव्हलकेडचं प्रकरण

"ज्याचं नाव ऐकून गुन्हेगार रजेवर जातात, ज्याच्या नजरेतून मुंगीचा मागचा पायही सुटत नाही, असा मी!" भावोजी खुर्चीत ताठ बसून आपल्या कचेरीच्या पाटीचा मजकूर मला सांगत होते. मी त्यांचा मेहुणा आणि बिनपगारी मदतनीस. या नजरेतून त्यांचा स्वतःचा चष्मा मात्र हमखास सुटतो, आणि दर वेळी तो कपाळावरच सापडतो.

तेवढ्यात घोडेवाल्या मावशी धापा टाकत आल्या. "भाऊ, आमच्या साहेबाला वाचवा हो!"

"अपहरण!" भावोजी ओरडले.

साहेब म्हणजे मावशींचा म्हातारा घोडा. त्याला काम मिळेना, म्हणून त्यांनी तो विकायला काढला होता. गिऱ्हाईक उद्या संध्याकाळी न्यायला येणार होतं. अशात एका फर्निचरवाल्या शेठजींचा फोन आला, नव्या दुकानाच्या उद्घाटनाला सकाळी कॅव्हलकेड पाठवा. मावशी "आहे की!" म्हणाल्या, फोन ठेवला आणि मग त्यांना घाम फुटला.

"म्हणजे काय ते विचारायचं ना," मी म्हणालो.

"हो म्हटल्यावर कसं विचारू? मी हातगाडी देते, शिडी देते, खुर्च्याही भाड्यानं देते. भलतंच पाठवलं तर काम जाईल, आणि साहेबही जाईल."

भावोजींनी डोळे मिटले. "फर्निचरवाला. म्हणजे कॅव्हलकेड हे कपाट."

"तो कपाटं विकतो, भावोजी. मावशींकडे कशाला मागेल?"

"तीच तर मेख आहे! कपाट नाहीच ते. कॅव्हलकेड हा एक परदेशी हेर आहे." मावशींनी आपल्याकडे असा कुणी भाड्यानं नसल्याचं सांगितलं. "मग कुलपं फोडणारा! उद्या उद्घाटनात दरोडा पडणार. मेहुणे, तुम्ही कपाटाचं सोंग घेऊन दुकानात उभे राहा."

मी दारं कुठून आणू, असं विचारणार होतो, तोच ताई आतून आली. "उठा."

"मी विचार करतोय."

"करा, पण उभ्यानं. शब्दकोशावर बसलायत तुम्ही."

अशिलापेक्षा उंच दिसावं म्हणून भावोजी तो जाडजूड ग्रंथ खुर्चीवर घेऊन बसतात. ताईनं तो उचलून झटकला आणि पान काढलं.

"कॅव्हलकेड म्हणजे घोडेस्वारांची मिरवणूक. पुढं पुढं कुठल्याही मिरवणुकीला म्हणू लागले. मोटारी आल्यावर तर लोकांनी शब्दाचं शेपूट कापून मोटारीला लावलं, मोटरकेड. आणि मावशी, मुळातला लॅटिन शब्द रुबाबदार घोड्याचा नाहीच. ओझी वाहणारं साधंसुधं घोडं, असा त्याचा अर्थ."

मावशींचे डोळे भरून आले. "म्हणजे आमचा साहेबच की हो!"

"पण एका घोड्याची मिरवणूक कशी होणार?" मी म्हणालो.

"पुढं साहेब, मागं शेठजींच्या मोटारी," ताई म्हणाली. "घोडाही होईल, शेपूटही होईल."

सकाळी तसंच झालं. स्वार म्हणून भावोजी बसले. साहेब इतका सावकाश चालला की मागच्या मोटारींनी भोंगे वाजवून अख्खा रस्ता गॅलरीत आणला. मला वाटलं, संपलं. पण शेठजी हात चोळत आले. "लोकांनी मोटारींवरची दुकानाची पाटी दोन-दोनदा वाचली हो! पुढच्या दुकानालाही हाच घोडा हवा."

मावशींनी गिऱ्हाइकाला तिथूनच फोन करून नाही म्हणून सांगितलं, आणि साहेबाच्या मानेला मिठी मारून खुशाल रडल्या.

भावोजींना खाली उतरता येईना. घोड्यावर बसूनच ते मला म्हणाले, "लिहून ठेवा मेहुणे. माझा संशय पहिल्यापासून घोड्यावरच होता."