वाकडी पत्रे आणि माझा सत्कार

लबाडी अक्षरांत असते तोवर यंत्राला पकडता येते. ती चित्रात शिरली की यंत्र आंधळे होते आणि अनुभवी माणसाची गरज लागते. तारकर्लीच्या घरगुती निवास संघटनेला तो अनुभवी माणूस मी सापडलो, हे संघटनेचे प्राक्तन.

संघटनेच्या ईमेलवर रोज सरासरी त्रेसष्ट पत्रे येत. पैकी एकेचाळीस टकलावर केस उगवण्याची, अकरा परदेशी लॉटरीची. यंत्र मजकूर वाचून असली पत्रे कचऱ्यात टाकी, म्हणून लबाडांनी मजकुराचा फोटोच पाठवायला सुरुवात केली. सभेत ठराव झाला आणि चित्रटपाल तपासनीस म्हणून माझी एकमताने नेमणूक झाली. पात्रता: साठ वर्षे बाजारात मासळी घेऊन एकदाही फसलो नाही. (या मुद्द्यावर पत्नी आनंदी हिचे मत वेगळे असून ते मागवण्यात आले नाही.)

मासळी पारखतात तशीच पत्रे पारखावीत, हा माझा सिद्धांत. डोळा, कल्ला उचलून आतली लाली, वास. (संगणकाला वास येत नसल्याचे तिसऱ्या दिवशी निदर्शनास आले.) त्यावरून नियम केले: नुसता फोटो, सोबत एक ओळही नाही, तर संशयित. अक्षरे वाकडी, तर शिळे. वर डाग, तर कुजके. आणि ‘अंतिम संधी’ असे शब्द दिसले, तर न बघता समुद्रात. संघटनेचा चिटणीस देवेश याने हे नियम यंत्राला शिकवले. आठवडाभरात लबाडी नव्याण्णव टक्के घटली. माझा सत्कार ठरला. शाल संघटनेची, नारळ माझ्याच माडाचा.

आनंदीने घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. पडदेही स्वतः शिवले होते. परवानगीच्या अर्जात बाकीच्यांनी आपापला ईमेल दिला, तिने संघटनेचाच दिला होता. डिसेंबरचे पाहुणे दारात येण्याची वेळ झाली.

“ओ, सगळ्यांचो कागद इलो, माझो खंय रवलो?”

“येतलो गो. कचेरीचो कागद तो, वेळ लागतलोच.”

चार दिवसांनी तिने देवेशला बसवून कचरापेटी उघडायला लावली. पाहणीची तारीख कळवणारा कागद तिथेच होता. नुसता फोटो. झेरॉक्सची झेरॉक्स, एका अंगाला कललेली, वर चहाचा डाग, तारखेवर गोल शिक्का आणि शेवटी ‘अंतिम संधी’. माझा एकही नियम वाया गेला नव्हता. पाहणीला अधिकारी गेल्या मंगळवारी येऊन गेले होते. घराला कुलूप होते, कारण आम्ही दोघे माझ्या सत्काराला गेलो होतो.

“बांगडो घेताना तरी कल्लो उचलून बगतास काय?” एवढेच ती म्हणाली आणि सकाळच्या एसटीने कचेरीत गेली. नवी तारीख जानेवारीची मिळाली. डिसेंबरभर त्या दोन खोल्यांत नवे पडदे आणि मी राहिलो.

आता तपासनीस आनंदी आहे. तिचा नियम एकच: “जा वाकडा ता सरकारी, जा सुंदर ता खोटा.”

पहिल्याच दिवशी मी स्वतः बनवून सगळ्यांना पाठवलेली चारशे बारा ‘शुभ सकाळ’ कचऱ्यात गेली. त्यांतच तो गुलाबही होता, दवबिंदूवाला, जो तुम्ही कालच मला अगत्याने परत पाठवलात. कल्ला उचलून बघितला असतात, तर पाकळीखाली बारीक अक्षरांत माझेच नाव दिसले असते.