रामटेकेभाऊंची बेस प्लेट

रामटेकेभाऊ आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी बसण्याआधी खुर्ची उलटी केली. चारही पाय छताकडे. मग खिशातून चष्मा काढून त्यांनी तिचे स्क्रू पाहिले, एक पाय हलवून बघितला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, ही खुर्ची पाहुण्यांना देत जाऊ नका. तुटली तं?"

"मग तुम्ही कशावर बसता?" माधुरीनं विचारलं.

"मी उभा राहून खातो. सवय आहे."

आणि त्यांनी खरंच उभ्यानं जेवण केलं. भाकरी, वांग्याचं भरीत, वर दोन वाट्या ताक. तेव्हापासून आमच्या घरात त्या खुर्चीवर मीच बसतो, आणि प्रत्येक वेळी थोडा भीत भीत बसतो.

यशवंत रामटेके मूळचे नागपूरचे. ड्रेस्डेनला चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांचं काम म्हणजे वस्तू तुटेपर्यंत तापवायची, गार करायची, हलवायची आणि नेमकी कशानं तुटली ते लिहून ठेवायचं. वीस वर्षं हे केल्यावर माणूस जगाकडे दुसऱ्या नजरेनं पाहूच शकत नाही. पूल दिसला की "तुटला तं?" ख्रिसमसच्या बाजारात वाफाळत्या वाईनचा मग हातात दिला की त्याचा कान पकडून "तुटला तं?" इथल्या मराठी मंडळातल्या एका मुलाचं लग्न ठरलं. पेढा हातात घेऊन भाऊ त्याला म्हणाले, "आल्झो, अभिनंदन. पण तुटलं तं?" ('आल्झो' म्हणजे जर्मनमधलं 'तर मग'; भाऊंचं बोलणं बहुतेक त्यानंच सुरू होतं.) त्या मुलानं नंतर वर्षभर त्यांना नमस्कार केला नाही.

असा हा माणूस एक दिवस वोनमोबिल घेऊन आला. वोनमोबिल म्हणजे चाकांवरचं घर: आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. जुनं, पांढरं, कडेला तपकिरी पट्टा. ते त्यांनी आम्ही दोघंही राहतो त्या इमारतीच्या मागच्या पार्किंगमध्ये, बरोबर आमच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभं केलं.

"हायडेलबर्गला जायचं," ते म्हणाले. "मित्राकडे."

मित्रा म्हणजे त्यांची एकुलती मुलगी संघमित्रा. हायडेलबर्गला जीवशास्त्र शिकते. तिथं तिची एका सामायिक घरात छोटी खोली आहे. तिला आईवडिलांची अडचण नको, म्हणून आपलं घर आपण घेऊन जायचं, असा हिशोब. मला तो फार आवडला. मी म्हणालो, "मग कधी निघता?"

"गाडी मागे जोडली की."

त्याचं असं होतं. चाकांवरचं घर हायडेलबर्गच्या जुन्या गल्ल्यांत शिरणार नाही. ते नदीकाठच्या कॅम्पिंगवर ठेवायचं आणि गावात लहान गाडीनं जायचं. लहान लाल गाडी भाऊंकडे होतीच. पण त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी गाडी चालवत नाहीत, मग ती न्यायची कशी? भाऊंनी कुठंतरी पाहिलं होतं की अमेरिकेत लोक घरामागे गाडी सरळ जोडतात, चारही चाकं रस्त्यावर. मध्ये एक लोखंडी दांडा. तो दांडा जिथं गाडीला धरतो तिथं, बंपरच्या आत, एक पोलादी पट्टी गाडीच्या सांगाड्याला बोल्टनं आवळलेली असते. तिचं नाव बेस प्लेट.

"सगळे दांड्याकडे पाहतात," भाऊ मला शिकवत. "दांडा चमकतो ना! पण खरा भार कोणावर? प्लेटवर. आणि ती कोणालाच दिसत नाही. गेनाऊ, नेमकं म्हणूनच ती निवडताना घाई करायची नाही."

घाई त्यांनी केली नाही. दीड वर्ष केली नाही.

पहिली प्लेट अमेरिकेहून आली. त्याच नावाच्या, पण तिकडे विकल्या जाणाऱ्या गाडीसाठी बनवलेली. सहापैकी दोन भोकं जुळली. "दोन बोल्टवर मी सायकलसुद्धा ओढणार नाही," म्हणून ती केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या आमच्या सामानाच्या कोठडीत, गेली. दुसरी इंग्लंडहून आली. सोबत सुंदर छापलेली पुस्तिका. पण ती गाडी बंद पडल्यावर ओढायला जी कडी असते, तिच्याच आधारावर बसणारी निघाली. "ही कडी आजारी माणसाला उठवायला आहे, त्याला पायी काशीला न्यायला नाही." केलर. तिसरी हॉलंडहून. तिच्या वेल्डिंगची रेघ एका जागी जाड, एका जागी बारीक. भाऊंनी भिंगातून फोटो काढून बनवणाऱ्याला पाठवला आणि खाली लिहिलं, "तुमचा माणूस इथं शिंकला का?" उत्तर आलं नाही. चौथी इथल्याच एका खेड्यातल्या लोहारकाम करणाऱ्याकडून बनवून घेतली. ती इतकी भक्कम झाली की बसवल्यावर लाल गाडीनं नाक खाली घातलं, जणू तिला शाळेत शिक्षा झाली आहे.

तरी भाऊंना चौथी थोडी आवडली होती. म्हणून त्यांनी तिची चाचणी घेतली.

एप्रिलमध्ये मंडळाचं भीमजयंतीचं जेवण होतं. भाषणं झाली, जेवणं झाली, आणि भाऊंनी विद्यापीठातल्या अकरा पीएचडीवाल्यांना पार्किंगमध्ये नेलं. गाडीचा हँडब्रेक ओढलेला. प्लेटला दोर. "ओढा!" भाऊ ओरडले. नॅनो, पॉलिमर, जलशास्त्र, सगळ्या शाखा एका दोराला लागल्या. मीही शेवटी होतो. वरच्या गॅलरीतून फ्राऊ लेमान, आमच्या ऐंशी वर्षांच्या शेजारीण, हे पाहत होत्या. त्यांनी खाली वाकून अतिशय आदरानं वहिनींना विचारलं, हा काही धार्मिक विधी आहे का?

"नाइन, नाही," वहिनी म्हणाल्या. "हा माझा नवरा आहे."

दोर तुटला. अकरा संशोधक आणि मी, सगळे गवतावर उताणे. भाऊंनी वही काढली आणि लिहिलं: प्लेट ठीक, दोर नापास. आम्हाला कुणी उठवलं नाही.

पुढं ते गाडी तपासणाऱ्या केंद्रात गेले. तिथल्या अधिकाऱ्यानं प्लेट पाहिली, गाडी पाहिली, भाऊंना पाहिलं. म्हणाला, ही ओढली जात असेल तर ती ट्रेलर. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक हवा. पण हिला स्टीअरिंग आहे, म्हणजे ही मोटार. मोटार ओढत नेणं म्हणजे बिघाड. बिघाड आहे का? नाही. मग यासाठी माझ्याकडे फॉर्म नाही.

भाऊ उड्या मारत परत आले. "शिंदेभाऊ, तो नाही म्हणाला नाही! फक्त फॉर्म नाही म्हणाला!" आणि त्यांनी पाचवी प्लेट मागवली.

आता मला माझ्याबद्दल सांगावं लागेल. सांगितलं नाही तर हे लिहिण्यात अर्थ नाही.

त्या वोनमोबिलमुळे दीड वर्ष आमच्या स्वयंपाकघरात ऊन आलं नाही. रोज सकाळी भाऊ त्याच्या शिडीवर चढून छत तपासत, आणि मी पोहे खात असताना खिडकीतून मला "जयभीम शिंदेभाऊ, मीठ बरोबर आहे ना?" असं विचारत. माधुरीचं अपेंडिक्स काढलं तेव्हा हाच माणूस इस्पितळात माझ्याजवळ चार तास बसला होता, हे मला आठवत होतं. आठवत असूनही मी एका शनिवारी, ते बाजारात गेलेले असताना, त्यांचं वोनमोबिल मोजलं. सहा मीटर अठ्ठ्याण्णव. पार्किंगची चौकट पाच मीटरची. मी इमारतीचं व्यवस्थापन पाहणाऱ्या ऑफिसला पत्र लिहिलं. खाली सही केली: एक शेजारी.

जर्मनीत राहून मी काय शिकलो, असं मला कुणी विचारलं तर हे शिकलो.

दहा दिवसांनी भाऊ हातात कागद घेऊन दारात उभे. चौदा दिवसांत वाहन हलवा. "शिंदेभाऊ, तुमचं जर्मन चांगलं आहे. उत्तर लिहून द्या."

मी लिहिलं. माझ्याच तक्रारीला मी दीड पान उत्तर लिहिलं, आणि सांगायला लाज वाटते, ते तक्रारीपेक्षा चांगलं उतरलं. भाऊ शेजारी उभे राहून मूळ कागद वाचत होते. "माणूस कोण आहे माहीत नाही, पण माणूस चांगला आहे," ते म्हणाले. "लांबी पाहा, सेंटिमीटरपर्यंत बरोबर. लोक अंदाजे लिहितात. ह्यानं कष्ट घेतले."

मी एकच शब्द दोनदा खोडला. ते म्हणाले, "पेन बदला, हे सटकून राहिलं."

आमच्या उत्तराला नकार आला. उरले चार दिवस. पाचवी प्लेट अजून वाटेत. मला वाटलं, आता तरी भाऊ निघतील. पण ते शहराबाहेर वोनमोबिल ठेवायला भाड्याची जागा शोधू लागले. मला हे कळेना. मी वहिनींना गाठलं.

वहिनी केलरमध्ये त्या चार प्लेटांवर जुनी चादर टाकत होत्या.

"वहिनी, बसनं फिरा ना तिथं. गाडीशिवाय जा. भाऊ निघत का नाहीत?"

"भाऊजी, तुम्हाला खरंच वाटतं हे प्लेटसाठी थांबले?" त्या हसल्या, पण ते हसणं पुरतं झालं नाही. "मित्रा खोलीत राहायला गेली तेव्हा आम्ही सामान घेऊन गेलो होतो. ह्यांनी तिथली गॅलरी तपासली. मग कपाट. मग तिच्याबरोबर राहणाऱ्या मुलाची खाट उलटी केली, तो आत असताना. पोरं हसली. मित्रा रडली. बाहेर येऊन म्हणाली, पापा, मी बोलावेपर्यंत येऊ नका."

"मग?"

"मग काय. तिनं बोलावलं नाही. फोनवर बोलते, माझ्याशी. ह्यांनी त्याच महिन्यात हे चाकांवरचं घर घेतलं. आता प्लेट मिळाली तर निघावं लागेल ना? पाचवी आली की सहावी मागवतील. शोधताना माणूस म्हणू शकतो, तयारी चालू आहे."

मी त्या तळघरात उभा होतो आणि मला माझं पत्र आठवत होतं. 'विनाकारण उभे केलेले वाहन' असं मी त्यात लिहिलं होतं.

त्याच संध्याकाळी मी भाऊंना म्हणालो, "लाल गाडी मी चालवतो. तुमच्या मागे मागे. परत मी ट्रेननं येईन. गाडी परत आणायचं तेव्हा पाहू."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी कुठं तुटणार आहे ते शोधत असावेत. मग म्हणाले, "अंतर ठेवावं लागेल. साठ मीटर."

पाचशेवर किलोमीटर मी साठ मीटर मागे राहून चाललो. भाऊ ताशी ऐंशीच्या वर गेले नाहीत. पोलंडचे, झेकचे, रोमेनियाचे ट्रक आम्हाला ओलांडताना हॉर्न वाजवत होते. निम्म्या वाटेत एका विश्रांतिस्थळावर आम्ही थांबलो. वहिनींनी डब्यातून थालीपीठं काढली. एक घास घेतला आणि माझ्यानं राहवेना.

"भाऊ, ते पत्र मी लिहिलं होतं."

"मले माहीत आहे."

"कसं?"

"तुम्ही टेप माझ्याकडूनच नेली होती. शुक्रवारी. म्हणाले, पडदे मापायचे आहेत." त्यांनी थालीपीठाचा तुकडा मोडला. "तुमच्या घरी पडदे नाहीत, शिंदेभाऊ. ऊनच येत नाही तं पडदे कायले?"

मी माफी मागू लागलो. वाक्यं मी आठवडाभर तयार करत होतो, पण ती एकमेकांत अडकली. भाऊंनी हात वर केला. "उत्तरही तुमच्याकडूनच लिहवून घेतलं ना मी? झालं मग. खा. आणि मघा तुम्ही चाळीस मीटरवर आले होते."

दुपारी चारला आम्ही नदीकाठच्या कॅम्पिंगवर पोचलो. भाऊंनी चाकांखाली पाचरी लावल्या, पाण्याची नळी लावली, वीज जोडली. मग नळी काढून परत लावली. वहिनींनी फोन त्यांच्या हातात दिला. ते फोनकडे, चार्ज किती आहे ते पाहिल्यासारखं पाहत राहिले.

"अहो, लावा," वहिनी म्हणाल्या. "नाही म्हणाली तर नाही. नदी पाहून जाऊ."

त्यांनी लावला. "मित्रा? पापा. आम्ही... आल्झो, आम्ही इथंच आहोत. तुझ्या घरी येत नाही. नदीजवळ आहोत. उद्या जातो." पलीकडचं ऐकू आलं नाही. ते जर्मनमध्ये "या... या...", म्हणजे हो, हो, म्हणत राहिले, आणि फोन ठेवून वहिनींना म्हणाले, "कुठली जागा, एवढंच विचारलं तिनं."

अर्ध्या तासानं एक मुलगी सायकलवरून आली. कापलेले केस, पाठीवर पिशवी. आईला मिठी मारली. मला "हालो अंकल." वडिलांसमोर दोन पावलांवर थांबली. दोघांनाही पुढं काय करायचं ते माहीत नव्हतं. मी लाल गाडीचा आरसा पुसू लागलो.

मग ती दारातून आत डोकावली, इकडे तिकडे पाहिलं आणि जर्मनमध्येच विचारलं, "आणि मी कुठं झोपायचं?"

 रामटेकेभाऊ आत गेले, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फळीवजा पलंगाचा निळा पडदा त्यांनी सरकवला. तिथं उशी होती, वाचायचा छोटा दिवा होता, पायाशी दुमडलेलं पांघरूण होतं. पांढरी चादर कडेपर्यंत ताणून बसवलेली. तिच्यावर दुकानातल्या घडीच्या रेघा अजून तशाच होत्या.