नापास व्हायची परीक्षा

पापण्यांबद्दल मला जेवढं ठाऊक आहे, तेवढं डॉक्टर सोडले तर आमच्या गल्लीत कुणालाच नसेल. दोन जाडजूड पुस्तकं वाचून मी दवाखान्यात निघालो होतो. वाचली म्हणजे, एका हाताने पापणी वर धरून आणि दुसऱ्या हाताने पान उलटून वाचली. म्हणून तर निघालो होतो.

माझ्या वरच्या पापण्या दुकानाच्या शटरसारख्या अर्ध्यावर येऊन अडकल्या आहेत. मी वाचनालयाच्या पुस्तकनिवड समितीवर आहे. मागच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "मास्तरांना डुलकी लागलीय. त्यांचं मत राहू द्या." मी टक्क जागा होतो. कडाडून विरोध करत होतो, फक्त तो मनातल्या मनात. पुढच्या बैठकीत माझ्या जागी कुणी तरतरीत माणूस घेणार, असं ग्रंथपालबाईंनी कानावर घातलं आणि मी शस्त्रक्रियेला तयार झालो. ती समिती गेली, तर माझं मत विचारणारी एकही जागा उरत नाही. घरी तर विचारतच नाहीत.

बैठकीचं सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले, "काका, आधी एक तपासणी. पापणीमुळे यंत्रातले वरचे दिवे दिसत नाहीत असं निघालं, तर ऑपरेशन करू. दिसले, तर उगाच कात्री लावायची नाही."

बाहेर आल्यावर बायकोने मला कोपऱ्यात घेतलं. "अहो, दिवे दिसायला नकोत. कळलं ना? तुम्हाला काहीही करायचं नाहीये. ते तुम्हाला छान जमतं."

तपासणीची खोली अंधारी होती. समोर पांढऱ्या घुमटासारखं यंत्र. तपासनीसबाईंनी माझी हनुवटी त्यात टेकवली आणि हातात बटण दिलं. "आजोबा, मधल्या ठिपक्याकडे बघा. कडेला दिवा दिसला की दाबा."

सुरुवात बरी झाली. मग बराच वेळ काहीच दिसेना. दिसणार नव्हतंच, त्यासाठीच तर आलो होतो. पण मागे बाईंनी सुस्कारा टाकला. जन्मभर शाळेत शिकवलेल्या माणसाला तो सुस्कारा चांगला कळतो. ढ मुलाचा पेपर तपासताना मी तसाच टाकायचो. भुवया आपोआप कपाळावर चढल्या, हळूहळू टकलाच्या सरहद्दीला भिडल्या. वर दोन दिवे दिसले. दाबलं. तेवढ्यात लक्षात आलं, की दिवा लागण्याआधी यंत्र बारीक टिक करतं. मग काय, टिक झालं की दाबलं. दिसो न दिसो.

"छान हं, आजोबा," बाई म्हणाल्या. मला कृतार्थ वाटलं.

डॉक्टरांनी निकाल पाहिला. "काका, तरुणांना लाजवेल अशी नजर आहे. ऑपरेशनची गरज नाही."

समितीतली माझी खुर्ची डोळ्यांसमोरून कुणीतरी उचलून नेत होतं. मी कडाडून विरोध केला. कुठे, ते सांगायला नको.

"काय केलंत?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"काहीतरी केलंत. कपाळ बघा, न झटकलेल्या चादरीसारखं झालंय."

"थोडं... आवाजावरून दाबलं."

"आवाजावरून? मास्तर ना तुम्ही?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, मग बाईंना पुन्हा बोलावलं. या खेपेला कानांत कापूस आला. माझ्या भुवया सरळ करून बाईंनी कपाळावर तळहात असा दाबून ठेवला, जणू उतू जाणाऱ्या पातेल्यावरचं झाकण. आता ना टिक, ना भुवया. मी अंधाराकडे बघत राहिलो आणि अंधार माझ्याकडे. सुस्कारे पडत असतील, पण कापसामुळे तेही कळेनात.

निकाल आला. वरचा सगळा भाग काळाकुट्ट.

"आता शंकाच नाही," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या आठवड्यात करून टाकू. बैठकीआधी टाकेही निघतील."

बायकोने हुश्श केलं. मीही करायला हवं होतं. पण त्या काळ्या कागदावरून माझी नजर हलेना. आयुष्यात इतका वाईट पेपर मला कधी गेला नव्हता. बायको पर्स आवरत होती, तेवढ्यात मी डॉक्टरांच्या जवळ सरकलो आणि हळूच विचारलं,

"याच्याहून कमी कुणाला पडलेत का हो?"