तलावाकाठचा लाल ठिपका

यादोरावांच्या डोक्यात तत्त्व शिरलं की ते चार दिवस जेवण धड करत नसत, आणि पाचव्या दिवशी ते तत्त्व घरच्यांना भोवत असे. या वेळचं तत्त्व साधं होतं. यापुढे चित्रात जे दिसेल तेच काढायचं.

सौंदडपासून सायकलच्या अंतरावर त्यांचं गाव. नोकरी सडक अर्जुनीच्या एका कचेरीत, बाबूची. आठवडाभर फायलींवर शेरे मारायचे आणि रविवारी गावच्या तलावाच्या पाळीवर स्टँड रोवून रंग फासायचे. तलाव त्यांच्याच पूर्वजांनी बांधलेला, असं ते ओळख झालेल्या प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. (पूर्वजांनी माती वाहिली, यादोरावांनी निदान रंग तरी वाहावा, एवढाच त्यांचा हिशेब.) घरात असे सतराअठरा तलाव झाले होते. बैठकीत तलाव, देवघरावर तलाव, न्हाणीच्या दारावरही एक छोटा तलाव.

त्या रविवारी ताजं चित्र घरी आणून त्यांनी बायकोपुढे धरलं. चंद्रकांताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, खाली केली.

"हा कोणता तलाव जी?"

"कोणता म्हणजे? आपलाच."

"आपल्या तलावात पन्न्या आहेत. अर्ध्यात बेशरम माजली आहे. भोजराजचा ट्रॅक्टर रोज पाण्यात बसून राहते. हे सारं कोठी गेलं?"

"ते... चित्रात बरं नाही दिसत."

"मंग हे क्यालेंडर आहे," बाई म्हणाल्या आणि खडे वेचू लागल्या.

झालं! यादोराव ओसरीवरून अंगणात गेले, अंगणातून परत ओसरीवर आले. बसले, उठले. गाव ज्या पाण्यावर जगतं ते डोळ्यांदेखत नासतंय, आणि आपण वर्षानुवर्षं त्याला निळा रंग देत बसलोय! रात्री अंथरुणावर इतक्या कुशी बदलल्या की चंद्रकांताबाईंनी त्यांना उशीसकट ओसरीवर पाठवलं.

पुढच्या रविवारी त्यांनी सूड उगवावा तसं सत्य रंगवलं. प्लॅस्टिकच्या पन्न्या काढल्या. बेशरमीच्या झुडपांचं रान काढलं. फुटक्या मूर्तीचा हात चिखलातून वर आलेला काढला. आणि मधोमध भोजराजचा ट्रॅक्टर, चिखलणी करून आलेला, चाकं पाण्यात, आणि त्याच्याभोवती तेलाचा चकचकीत पडदा. भोजराज बादलीनं इंजिन धुतोय. हुबेहूब!

फक्त एक अडचण झाली. सगळं चित्र हिरवं आणि मातकट झालं. नजर कुठे ठरेना. घरी आणून भिंतीला टेकवलं तर चित्रानं मान टाकल्यासारखं वाटे. काहीतरी लाल हवं होतं, ठिपकाभर. यादोराव बेचैन होऊन अंगणात आले, तर समोर दोरीवर चंद्रकांताबाईंची लाल साडी वाळत होती. हिरव्या काठाची, रेणूच्या म्हणजे लेकीच्या लग्नात घेतलेली. त्यांनी तिथल्या तिथे चित्रातल्या ट्रॅक्टरजवळ एक लाल साडीतली बाई उभी केली. हिरवा काठसुद्धा दिला, म्हणजे रंगाला रंगाची सोबत झाली. तिचा एक हात वर केला, ऊन अडवायला डोळ्यांवर धरल्यासारखा. चित्र एकदम जिवंत झालं!

(जे दिसेल तेच काढायचं, या तत्त्वाचं काय झालं? तर साडी दिसलीच होती की!)

सरपंच निर्मलाबाई तांदूळ मोजायला माप मागायला आल्या आणि चित्रासमोर उभ्याच राहिल्या. तलावात गाड्या धुण्यावर बंदी घालायचा ठराव त्यांना केव्हाचा मांडायचा होता, पण मांडला की भोजराज उठून म्हणे, "कोणी पाह्यलं? पुरावा दाखवा." भोजराजला गावात तीन ट्रॅक्टरवाल्यांचा आणि त्यांच्या सगळ्या सोयऱ्यांचा पाठिंबा.

"बाबूजी," निर्मलाबाई म्हणाल्या, "पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत हे चित्र टांगाचं. अन् तुमी दोन शब्द बोलाचे."

यादोरावांना दोन शब्द बोला म्हटलं की ते पाठ करून येत. ग्रामसभेत चित्र खिळ्यावर चढलं, लोक पुढे सरकले, आणि यादोरावांनी गळा साफ करून सांगितलं, "मंडळी, या चित्रात एकही रेघ मनची नाही. जे या डोळ्यांनी पाहिलं, तेच काढलं आहे!"

टाळ्या पडल्या. भोजराज खाली मान घालून बसला. निर्मलाबाई ठराव वाचायला उठणार, तोच बायकांच्या बाजूनं आवाज आला.

"मंग ही बाई कोण?"

भोजराजची बायको नंदाबाई उभ्या होत्या.

"ट्रॅक्टर माह्या घरचा. माणूस माह्या घरचा. अन् ही लाल साडीवाली कोणाच्या घरची? हात हालवून राहिली ते?"

"तो हात..." यादोराव चाचरले, "तो उन्हासाठी..."

पण नंदाबाई चित्राजवळ पोचल्या होत्या. नाक कॅनव्हासला लागेल इतकं वाकून त्यांनी काठ पाहिला. मग सावकाश वळल्या.

"हिरवा काठ. असी साडी गावात एकच आहे. रेणूच्या लग्नातली."

सभा तिथेच मोडली. ठराव परवावर गेला. चित्र भिंतीवरच राहिलं, आणि दिवसभर गावानं ते रांग लावून पाहिलं. यादोरावांच्या एकाही चित्राला आजवर एवढे प्रेक्षक मिळाले नव्हते.

चंद्रकांताबाई सभेला गेल्याच नव्हत्या, सणाचा स्वयंपाक होता. यादोराव घरी पोचण्याआधी बातमी पोचली. ते आले तेव्हा बाई चुलीपुढे बसल्या होत्या आणि वडे तेलात सोडत होत्या, एकेक, जरा जोरानंच.

"अजी, तुमी मले भोजराजच्या ट्रॅक्टरजवळ कायले उभं केलं?"

"तू नाहीस ती. तो लाल रंग आहे."

"साडी माही, काठ माहा, अन् बाई रंगाची?"

यादोरावांनी रंगसंगती समजावून द्यायचा प्रयत्न केला. हिरव्यात लाल का लागतो, नजर कुठे ठरते वगैरे. एक वडा त्यांच्या दिशेनं आला. (ताटात पडला, पण नेम दुसरा असावा.)

संध्याकाळी मागच्या दारानं भोजराज आला. गडी चार माणसांत उठून दिसणारा, पण आज पार आकसलेला.

"बाबूजी, नंदानं माही खाट गोठ्यात टाकली. बैल माह्याकडं पाहून राहिले. तुमी एवढंच सांगा का ते चित्र सारं मनचं आहे. बाई मनची, ट्रॅक्टर मनचा, मीही मनचा."

"अरे, पण ट्रॅक्टर तर तू धुतोसच!"

"ते आहे. पण सांगा नं."

तो गेला आणि यादोराव अंगणात फेऱ्या मारू लागले. विहिरीपासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून विहिरीपर्यंत. बाई मनची म्हटलं, तर 'एकही रेघ मनची नाही' हे खोटं ठरतं, ट्रॅक्टरही मनचा होतो, ठराव पडतो आणि तेल तलावात जातच राहतं. बाई खरी म्हटलं, तर... पुढचा विचार करायची त्यांची छाती होईना. शेवटी त्यांनी हे सगळं बायकोलाच सांगितलं.

"म्हणजे," चंद्रकांताबाई म्हणाल्या, "तलाव वाचवाचा असंल तर माही इज्जत जाते. अन् माही इज्जत वाचवाची असंल तर तलाव जाते."

"तसंच काहीसं."

"अन् याच्यात तुमाले विचार करा लागते?"

यादोरावांनी घाईघाईनं मान हलवली, पण ती हो म्हणून हलवायची की नाही म्हणून, हे न ठरल्यामुळे ती नुसतीच गोल फिरली.

तिसऱ्या दिवशी सभेला अख्खं गाव लोटलं. ठरावासाठी कधी एवढी माणसं जमली नव्हती. आज मात्र लेकुरवाळ्या बायासुद्धा पुढे जागा धरून होत्या. यादोराव उठले. शेवटी नवरा जिंकला, चित्रकार हरला.

"मंडळी, ती बाई... ती मी मनची टाकली आहे. रंगासाठी."

"मंग ट्रॅक्टरही मनचा!" भोजराज ओरडला, आणि तिन्ही ट्रॅक्टरवाल्यांचे सोयरे एकसाथ हसले. "एक रेघ खोटी तर सारं चित्र खोटं! सरपंचबाई, फाडा तो ठराव!"

निर्मलाबाईंनी हताश होऊन कागद मिटला. यादोरावांना वाटलं, पाळ फुटली आणि आपणच ती फोडली. तेवढ्यात दाराशी गलका झाला आणि लोक बाजूला झाले.

चंद्रकांताबाई आत आल्या. अंगावर तीच लाल साडी, तोच हिरवा काठ.

"माह्या मालकाले खोटं बोलता येत नाई, म्हणून ते अडखळून राहिले," त्या म्हणाल्या. "मले वाचवाले ते असं बोलले. चित्रातली बाई मीच आहे. मी होती तेथं."

यादोराव मटकन बाकावर बसले. नंदाबाई उठून उभ्या राहिल्या. पदर खोचला.

"होती," चंद्रकांताबाईंनी चित्राकडे बोट केलं. "अन् हा हात पाहा. हा हात काही रामराम कराले नाई उचलला. मी याले म्हणून राहिली होती, का रे भोजराज, लाज नाई वाटत? हे तेल पाण्यात सोडून राह्यला, हेच पाणी खालच्या धानाच्या बांध्याइत जाते, हेच जनावरं पेतात. काढ तो ट्रॅक्टर बाहेर!" मग त्या भोजराजकडे वळल्या. आवाज एकदम मऊ केला. "म्हणली का नाई मी असं? का दुसऱ्याच कामानं आली होती? सांग बाबू. तुही बायको ऐकून राहिली."

भोजराजनं नंदाबाईंकडे पाहिलं. तिन्ही ट्रॅक्टरवाल्यांकडे पाहिलं. गोठा आठवला असावा.

"म्हणली," तो म्हणाला. "लय बोलली वयनी."

"काय बोलली?" नंदाबाई.

"शिव्याच देल्या. ट्रॅक्टर बाहेर काढ म्हणली."

"म्हणजे ट्रॅक्टर पाण्यात होता?" निर्मलाबाईंनी अगदी सहज विचारलं.

भोजराजचं तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. नंदाबाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आता त्या प्रसन्न होत्या. "बोल नं. होता म्हण."

"होता," भोजराज म्हणाला.

ठराव पास झाला. गाड्या धुवायच्या नाहीत, पन्न्या टाकायच्या नाहीत, पाण्यात काहीही घाण सोडायची नाही. जो सापडेल त्यानं एक सकाळ तलावात उतरून बेशरम उपटायची. तलाव समितीच्या अध्यक्ष म्हणून एकमतानं चंद्रकांताबाईंचं नाव आलं, आणि ते सुचवलं नंदाबाईंनी.

घरी येताना यादोराव दोन पावलं मागेच चालत होते. मग हळूच म्हणाले, "पण तू तर तिथे नव्हतीस."

"नव्हतीच."

"मग हे खोटं..."

"तुमी रंगानं बोलले का ते कला. अन् मी तोंडानं बोलली का खोटं?"



रविवारी यादोरावांचं मन हलकं होतं. पाळीवर स्टँड रोवला. गावातले सारे ट्रॅक्टर दूर नळावर धुतले जात होते. पाणी निवळत होतं. आपल्या एका चित्रानं तलाव वाचला, या विचारात यादोरावांनी हिरवा रंग संपवला, ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला आणि खाली वाकून तलावात छान खंगाळला. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग पसरला. जांभळा, निळा, सोनेरी. वा! हा रंग पकडलाच पाहिजे, असं म्हणत त्यांनी दुसराही ब्रश खंगाळला.

"अजी."

मागे चंद्रकांताबाई उभ्या होत्या. त्यांच्यामागे नंदाबाई आणि समितीच्या बाकी बाया.

"मी दर रविवारीच असा धुतो," यादोराव घाबरून म्हणाले. (कचेरीत इतकी वर्षं काढूनही कुठे गप्प बसावं हे त्यांना कळलं नव्हतं.)

"दर रविवारी?" नंदाबाई म्हणाल्या. "म्हणजे माह्या माणसापेक्षा जुना गुन्हेगार!"

थोड्या वेळानं यादोराव गुडघाभर पाण्यात होते. करड्या सफारीची पँट वर दुमडलेली, काटकुळे पाय उघडे, ऊन लागू नये म्हणून बायकोनं डोक्याला बांधून दिलेला लाल दुपट्टा. वाकायचे, एक बेशरम उपटायचे, लांब मान वर करून श्वास घ्यायचे, पुन्हा एक पाऊल टाकून वाकायचे.

पलीकडच्या पाळीवर गोंदियाहून आलेली पक्षी पाहणारी मंडळी एकदम खाली बसली. दुर्बिणी वर झाल्या.

"सारस! लाल सिर वाला सारस है! हिलना मत कोई!"

यादोरावही हलले नाहीत. कोणी आपल्याकडे इतक्या आदरानं पाहतंय, हे त्यांना बरंच वाटलं.

"अरे यार," थोड्या वेळानं पलीकडून निराश आवाज आला, "ये तो कोई बाबूजी हैं."

दुर्बिणी गळ्यात परतल्या. मंडळी पँट झटकत उठली. तरीही त्यांच्यातला एक जण आशेनं रेंगाळला, तेव्हा चंद्रकांताबाईंनी अलीकडून हात हलवून ओरडून सांगितलं,

"जा जी, जा! तुमी पाहून राहिले म्हणून ते नुसते उभे राहतात. तेवढीच बेशरम उपटाची राहून जाते!"